उत्तरात मिसळलेले गृहीतक: सुदूर संवेदनातील व्यस्त प्रश्न

परिणामावरून कारण शोधण्याच्या गणिती प्रश्नाला व्यस्त प्रश्न म्हणतात. हा ‘व्यस्त’ शब्द शाळेतील सम चलन आणि व्यस्त चलन या जोडीतला आहे. हिंदीच्या संगतीने हल्ली मराठीत रुळू लागलेल्या ‘कामात गढलेला’ या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. वातावरणाच्या प्रत्येक थराचे तापमान ठाऊक असेल, तर त्यातून अवकाशाकडे किती उष्णता-प्रारण जाईल हे भौतिकीच्या नियमांवरून काढता येते, आणि हा झाला सरळ प्रश्न. उपग्रहाच्या हाती मात्र केवळ ते वर आलेले प्रारण असते आणि त्यावरून खालच्या थरांची तापमाने काढायची असतात. भाजणीत कोणते धान्य किती घेतले हे माहीत असेल तर पीठ कसे होईल ते सांगता येते, पण तयार पिठाची चिमूट जिभेवर ठेवून तांदूळ किती, ज्वारी किती आणि हरभऱ्याची डाळ किती हे सांगणे अवघड असते, कारण दळताना दाण्यादाण्यांतला फरक नाहीसा झालेला असतो.

सुदूर संवेदनाच्या बहुतेक शाखा अशा प्रश्नांवर उभ्या आहेत. उपग्रहावरील उपकरण तापमान मोजत नाही, ओझोन मोजत नाही आणि भूजल तर नाहीच नाही. ते मोजते एखाद्या तरंगलांबीच्या प्रारणाची तीव्रता, परतून आलेल्या सूक्ष्मतरंगाची कला (म्हणजे तरंग आपल्या फेऱ्यात कोठे आहे ते) किंवा दोन यानांमधील अंतर, आणि तेथून वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या रंगीत नकाशापर्यंतची उरलेली वाट गणिताची असते. या वाटेवर मोजमापात मुळात नसलेली काही माहिती उत्तरात मिसळावी लागते. ती का मिसळावी लागते, कशी मिसळली जाते आणि तिचा हिशेब कसा ठेवला जातो, यावर या विद्येची विश्वासार्हता अवलंबून आहे.

फ्रेंच गणिती झाक आदामार यांनी १९०२ साली सुस्थित प्रश्नाच्या तीन अटी मांडल्या: प्रश्नाला उत्तर असले पाहिजे, ते एकच असले पाहिजे, आणि दिलेल्या माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरातही किंचितच फरक पडला पाहिजे. यांपैकी एकही अट मोडली तर प्रश्न दुःस्थित ठरतो. निसर्गातून उद्भवणारे अर्थपूर्ण प्रश्न सुस्थितच असणार, अशी आदामार यांची धारणा होती आणि तिच्या वजनामुळे दुःस्थित प्रश्न बराच काळ गणिताच्या वेशीबाहेर राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उपयोजित गणिताने मात्र दाखवून दिले, की भूगर्भात, शरीराच्या आत किंवा वातावरणात बाहेरून डोकावू पाहणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न दुःस्थितच असतो. रुग्णालयातील सीटी स्कॅन याच कुळातला असून त्यामागचे सूत्र योहान राडोन यांनी १९१७ साली, तसे यंत्र कोणाच्या कल्पनेतही नसताना, सिद्ध करून ठेवले होते.

तिसरी अट मोडणे म्हणजे काय, हे दोन साध्या समीकरणांत दिसते. पहिल्या समीकरणात क्ष आणि य यांची बेरीज २ आहे. दुसऱ्यात क्ष आणि य च्या १.००१ पट यांची बेरीज २.००१ आहे. उत्तर सरळ आहे: क्ष १ आणि य १. आता दुसरे मोजमाप किंचित चुकले आणि २.००१ च्या जागी २.००२ आले असे धरले, तर य ची किंमत २ आणि क्ष ची शून्य होते, तेच २.००० आले, तर क्ष २ आणि य शून्य. मोजमापातील चूक दोन हजारांत एक एवढीच, पण उत्तर एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते. याचे कारण असे, की दोन्ही समीकरणे जवळजवळ एकच गोष्ट सांगत आहेत: त्यांतून क्ष आणि य यांची बेरीज उत्तम कळते, पण त्यांच्यातील फरकाविषयी समीकरणे जवळपास मुकी आहेत. गणिताला या मुकेपणाची जाणीव नसते; फरक काढायला सांगितले की ते मोजमापातील चुकीलाच माहिती समजून हजार पटीने फुगवते आणि पूर्ण आत्मविश्वासाने उत्तर देते. यात आकडेमोडीचा दोष नाही, संगणक कितीही बलाढ्य असला तरी हेच घडेल.

दुसरी अट, म्हणजे उत्तर एकच असण्याची, मोडली तर काय होते याचे जगातील एक नामांकित उदाहरण भारताच्या भूमीवर घडले. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या पायथ्याकडील कालियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर या स्थानकांच्या अक्षांशांतील फरक दोन पद्धतींनी काढण्यात आला: एकदा जमिनीवर त्रिकोण मोजत जाऊन आणि एकदा ओळंब्याच्या आधाराने ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्हींत ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरची, तफावत निघाली. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते हे कारण उघड होते. पण कलकत्त्याचे आर्चडीकन आणि गणिती जॉन हेन्री प्रॅट यांनी १८५५ साली त्या ओढीचा हिशेब मांडला तेव्हा तफावत १५.८८५ विकला असायला हवी होती असे निघाले. हिमालय जेवढा दिसतो त्या मानाने फार कमी ओढत होता. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी सुचवले, की पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असून पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा पर्वत खालच्या जड द्रव्यात बुडालेला आहे. प्रॅट यांनी पुढे १८५९ साली वेगळा पर्याय मांडला, की बूड सगळीकडे सारख्याच खोलीवर असून उंच भागाखालचा खडक कमी घनतेचा आहे. दोन्ही कल्पनांनी ओळंब्याची तफावत समजावता येत होती. गुरुत्वाच्या मोजमापांतून यांपैकी एक निवडणे तत्त्वतःच शक्य नव्हते, कारण एकसारखा भरीव गोल आणि तेवढेच वस्तुमान केंद्राशी एकवटलेला बिंदू यांचे बाहेरचे आकर्षण सारखेच असते हे न्यूटनच्या काळापासून ज्ञात आहे. हिमालय आणि तिबेटखालचे कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, म्हणजे तेथे एअरींचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते, हा निकाल भूकंपलहरींच्या वेगळ्याच साक्षीवरून लागला.

मग मुक्या माहितीतून उत्तर काढायचे कसे? रशियन गणिती आंद्रेय तिखोनोव्ह यांचे लक्ष या प्रश्नाकडे खनिजांच्या भूभौतिक शोधकार्यातून वेधले गेले. व्यस्त प्रश्नांच्या स्थिरतेवरचा त्यांचा पहिला निबंध १९४३ सालचा आहे आणि नियमितीकरण या नावाने ओळखली जाणारी पूर्ण पद्धत त्यांनी १९६३ साली मांडली; अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स यांनी १९६२ साली स्वतंत्रपणे जवळपास तेच सुचवले होते. पद्धतीचा गाभा असा, की केवळ मोजमापांशी जुळणारे उत्तर मागायचे नाही. मोजमापांशी पुरेसे जुळणारे आणि त्याच वेळी अवाजवी मोठे किंवा खडबडीत नसणारे उत्तर मागायचे. त्यासाठी दोन दंडांची बेरीज लहानात लहान करायची असते: एक दंड मोजमापाशी विसंगत असण्याचा, दुसरा उत्तराच्या बेतालपणाचा, आणि दोहोंमधले प्रमाण ठरवणारी एक संख्या गणिती स्वतः निवडतो. वरच्या दोन समीकरणांना हा उपाय लावून उत्तराच्या आकारमानावर अगदी हलका दंड ठेवला, तर दुसरे मोजमाप २.००० येवो, २.००१ येवो की २.००२, उत्तर १ आणि १ यांपासून सहस्रांशाच्या आसपासच ढळते.

हे उत्तर स्थिर आहे खरे, पण त्याची जात ओळखणे आवश्यक आहे. त्यातील बेरीज मोजमापाने सांगितलेली आहे; दोन्ही किमती सारख्या असणे मात्र गृहीतकाने सांगितलेले आहे. वस्तुस्थिती खरोखरच शून्य आणि २ अशी असती, तरीही पद्धतीने १ आणि १ हेच उत्तर तितक्याच शांतपणे दिले असते. दंडाचे प्रमाण किती ठेवावे यासाठी निरनिराळे निकष निघाले असून त्यांतला सर्वांत शहाणपणाचा बहुधा सोव्हिएत गणिती मोरोझोव्ह यांचा आहे: उपकरणाची चूक जेवढी असेल त्याहून बारकाईने मोजमापाशी जुळण्याचा हट्ट धरू नये.

या साऱ्याची कसोटी उपग्रहयुगात वातावरणाच्या तापमानावर लागली. कार्बन डायऑक्साइड वायू १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त प्रारण शोषतो आणि उत्सर्जितही करतो, आणि वातावरणात तो बऱ्यापैकी समप्रमाणात मिसळलेला असल्याने त्या पट्ट्यातील प्रारणाची तीव्रता मुख्यतः तापमानावर अवलंबून राहते. पट्ट्याच्या मध्यभागी शोषण इतके तीव्र असते, की खालच्या थरांतून निघालेले प्रारण वाटेतच गिळले जाते आणि उपग्रहापर्यंत केवळ स्थितांबरातले पोहोचते. पट्ट्याच्या कडांकडे सरकावे तसतशी नजर खाली खाली जाते आणि ११ मायक्रोमीटरच्या जवळ, जिथे हवा जवळपास पारदर्शक असते, थेट जमीन किंवा समुद्र दिसतो. म्हणजे तरंगलांबी बदलणे हे उंची बदलण्यासारखे झाले. या तत्त्वावर उपग्रहातून तापमानाचा उभा छेद मिळवता येईल असे लुईस काप्लान यांनी १९५९ साली दाखवले, आणि एप्रिल १९६९ मध्ये सोडलेल्या निंबस-३ उपग्रहावरील वर्णपटमापकाने ते प्रत्यक्षात आणले.

अडचण अशी, की एका वाहिनीत, म्हणजे निवडलेल्या एका अरुंद तरंगलांबी-पट्ट्यात, येणारे प्रारण एकाच उंचीवरून येत नाही. कोणत्या उंचीचा वाटा किती हे सांगणाऱ्या वक्राला भार फलन म्हणतात आणि अवरक्त वाहिन्यांची ही भार फलने कित्येक किलोमीटर रुंद, एकमेकांवर चढलेली, बोजड टेकड्यांसारखी असतात. शेजारच्या दोन वाहिन्या जवळपास त्याच हवेची भाजणी चाखत असतात, म्हणजेच वरची दोन समीकरणे येथे पुन्हा भेटतात. भारताच्या इन्सॅट-३डी या २०१३ साली प्रक्षेपित झालेल्या भूस्थिर उपग्रहावरील ध्वनित्र, म्हणजे वातावरणाची खोली चाचपणारे उपकरण, १८ अवरक्त आणि एका दृश्य वाहिनीचे आहे. पण १८ वाहिन्यांतून १८ थरांची स्वतंत्र तापमाने मिळतात असे समजणे चूक ठरेल. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरील यासी उपकरणाला ८,४६१ वाहिन्या आहेत आणि तरीही त्यांतून तापमानाविषयी मिळणाऱ्या खऱ्या अर्थाने स्वतंत्र गोष्टी दहा-पंधराच्या आसपासच भरतात. उरलेल्या वाहिन्या वाया जात नाहीत, कारण त्यांच्या सरासरीने चूक कमी होते. पण एकच साक्ष हजार तोंडांनी ऐकली म्हणून साक्षीदार हजार होत नाहीत.

मोकळ्या राहिलेल्या जागा भरण्याची शिस्तबद्ध रीत ऑक्सफर्डचे क्लाइव्ह रॉजर्स यांनी १९७० च्या दशकापासून घडवली. तिखोनोव्ह यांच्या दंडाच्या जागी येथे पूर्वज्ञान येते: त्या ठिकाणी, त्या ऋतूत तापमानाचा सर्वसाधारण छेद कसा असतो, तो किती बदलू शकतो, आणि एका थरात बदल झाला तर शेजारच्या थरात किती होतो, हे रेडिओसाँदे लावून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून किंवा हवामानाच्या प्रतिमानावरून घेतले जाते. मोजमाप आणि पूर्वज्ञान या दोहोंना त्यांच्या त्यांच्या अनिश्चिततेनुसार वजन दिले, की सर्वांत संभाव्य छेद मिळतो. रॉजर्स यांचे खरे योगदान मात्र उत्तराइतकेच त्याच्या हिशेबात आहे. खऱ्या वातावरणातील एका थराचे तापमान १ अंशाने वाढवले तर काढलेल्या उत्तरात कोणकोणत्या थरांची तापमाने किती वाढतील, याचा एक तक्ता त्यांनी प्रत्येक उत्तराला जोडायला लावला. या तक्त्यात एखाद्या थरापुढे शून्याच्या जवळचे आकडे दिसले तर त्या थराचे तापमान उपग्रहाने नव्हे, तर पूर्वज्ञानाने पुरवले आहे असे उघड होते. आणि त्याच्या कर्णावरील संख्यांची बेरीज म्हणजेच वर उल्लेखलेली स्वतंत्र गोष्टींची संख्या. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवा साचून वर उबदार थर तयार होतो आणि धुके धरते. जेमतेम दोन-तीनशे मीटरचा असा तापमान-विपर्यास अवरक्त छेदांत बहुधा गुळगुळीत होऊन जातो, आणि तक्ता पाहणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही. जुलैत कोकणावर ढगांचे छत असते तेव्हा तर अवरक्त उपकरणाला त्याखालचे काहीच दिसत नाही आणि ढगांना पार करणाऱ्या सूक्ष्मतरंगांकडे वळावे लागते.

येथे एक वळण नोंदवण्याजोगे आहे. पुढे हवामान केंद्रांच्या लक्षात आले, की आधी प्रारणावरून तापमान काढायचे आणि मग ते प्रतिमानात घालायचे, यात पूर्वज्ञान दोनदा मिसळले जाते. म्हणून अनेक केंद्रांनी तो मधला टप्पाच गाळला: प्रतिमानातील हवेवरून उपग्रहाला काय दिसायला हवे ते सरळ प्रश्नाच्या रीतीने काढायचे, प्रत्यक्ष दिसलेल्या प्रारणाशी ते ताडायचे आणि फरक कमी होईल अशा रीतीने प्रतिमानाची सुरुवातीची अवस्थाच दुरुस्त करायची. हे काळाच्या एका पट्टीवर एकदम करणारी चतुर्मितीय पद्धत युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या केंद्राने नोव्हेंबर १९९७ मध्ये नित्याच्या वापरात आणली. यात कोट्यवधी अज्ञात संख्या एका वेळी शोधायच्या असतात, आणि प्रत्येक अज्ञात थोडे हलवून पाहणे अशक्य असल्याने सहगामी समीकरणांची युक्ती वापरली जाते, जिच्यात प्रतिमान काळात उलटे चालवून एकाच फेरीत सर्व अज्ञातांचा उतार मिळतो.

पूर्वज्ञान फार घट्ट धरले तर काय होते, याचा धडा ओझोनने दिला. उभ्या छेदाचा व्यस्त प्रश्न ओझोनच्या बाबतीत उपग्रहांच्या कितीतरी आधीच हाताळला गेला होता. स्विस शास्त्रज्ञ ग्योट्स यांना १९२९ साली स्पिट्सबर्गन येथे दिसले, की सूर्य क्षितिजाकडे झुकत जाताना माथ्यावरच्या आकाशातील दोन अतिनील तरंगलांबींच्या तीव्रतांचे गुणोत्तर एका दिशेने बदलत जाते आणि मग अचानक उलटे फिरते. जर्मन भाषेत उलट फिरण्याला उमकेर म्हणतात आणि परिणामाला तेच नाव मिळाले. त्या वक्रावरून ओझोन ५० किलोमीटरच्या आसपास नसून सरासरी २२ किलोमीटरच्या उंचीवर आहे असे १९३४ पर्यंत सिद्ध झाले. ही आकडेमोड हाताने करता येईल अशी सुटसुटीत करण्याचे मोठे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन आणि त्यांचे सहकारी जे. व्ही. दवे यांनी १९५७ साली केले. दवे यांनी पुढे १९६७ साली मेटीर यांच्यासह उपग्रहावरून एकूण ओझोन काढण्याचीही पद्धत मांडली.

त्या परंपरेतील टॉम्स हे उपकरण १९७८ साली निंबस-७ उपग्रहावर गेले. त्याच्या आज्ञावलीत १८० डॉबसन एककांखालील ओझोनच्या नोंदीवर ‘संशयास्पद’ अशी खूण घालण्याची तरतूद होती, कारण तोवर पृथ्वीवर कोठेही त्याहून कमी ओझोन दिसला नव्हता. डॉबसन एकक म्हणजे डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सियस तापमानाला आणला तर होणाऱ्या थराचा मिलिमीटरचा शंभरावा भाग. अंटार्क्टिकावरील वसंतात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, अशा खुणा ढिगाने पडू लागल्या. संगणकाने ओझोनचे छिद्र फेकून दिले अशी दंतकथा पुढे रूढ झाली, पण ती खरी नाही: मूळ नोंदी जपलेल्या होत्या, नासातील शास्त्रज्ञ त्यांची शहानिशा करत होते, आणि त्याच सुमारास दक्षिण ध्रुवावरील जमिनीवरच्या उपकरणाच्या चुकीच्या नोंदींनी त्यांचा गोंधळ वाढवला होता. ब्रिटनच्या हॅली बे स्थानकावरील फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांचा निबंध मे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या खुणांचा अर्थ लागला आणि उपग्रहाच्या जपलेल्या नोंदींतूनच छिद्राचा पूर्ण नकाशा तयार झाला. दंतकथेपेक्षा हा खरा इतिहास अधिक बोलका आहे, कारण त्यात पूर्वज्ञानाने सत्य पुसले नाही, केवळ उशीर केला, आणि कच्ची नोंद जपण्याच्या सवयीने ते वाचवले.

व्यस्त प्रश्नांची एक निराळी जात रडारच्या व्यतिकरणमितीत भेटते. उपग्रहाने दोन वेगळ्या दिवशी त्याच जमिनीवर सूक्ष्मतरंग टाकून परतलेल्या तरंगांच्या कला ताडल्या, तर भूकंपाने किंवा जमीन खचल्याने झालेले सेंटिमीटरभर सरकणेही कळते. पण कला म्हणजे तास-काटा नसलेले घड्याळ: मिनिटे अचूक कळतात, किती तास उलटले ते कळत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या इस्रो आणि नासाच्या उपग्रहाच्या एल पट्ट्याची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे, आणि तरंग जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापत असल्याने जमीन दर १२ सेंटिमीटर सरकली की काटा पुन्हा जागेवर येतो. हरवलेले पूर्ण फेरे शेजारच्या लाखो बिंदूंच्या सुसंगतीवरून शोधावे लागतात, आणि त्यासाठी मालवाहतुकीचे जाळे कमीत कमी खर्चात कसे चालवावे या प्रश्नासाठी घडवलेले गणित कामी येते.

गुरुत्वाकर्षणाचा जुना प्रश्न मात्र ग्रेस या मोहिमेने सर्वांत नाट्यमय रीतीने परत आणला. मार्च २००२ मध्ये सोडलेली अमेरिका आणि जर्मनीची ही दोन याने सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून एकामागोमाग फिरत. त्यांच्यातील अंतर सुमारे २२० किलोमीटर असे आणि त्यातील बदल सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने मायक्रोमीटरच्या घरापर्यंत मोजला जाई. खाली वस्तुमान अधिक असलेला प्रदेश जवळ आला की पुढचे यान आधी ओढले जाते आणि अंतर किंचित वाढते. पृथ्वीकडे पाहणारा कॅमेरा या यानांवर नव्हताच. त्यांचे परस्परांपासून दूर जाणे आणि जवळ येणे हेच मोजमाप होते. त्यावरून दर महिन्याला पृथ्वीचे गुरुत्वक्षेत्र काढले जाई, आणि महिन्यामहिन्यांतील फरक हा मुख्यतः पाण्याच्या हालचालींचा असे.

येथे दळणाऱ्या जात्याचे काम उंची करते. जमिनीवरील वस्तुमानाच्या चढउताराची लांबी जितकी कमी, तितका त्याचा परिणाम उंचीबरोबर वेगाने विरतो: १,००० किलोमीटर लांबीच्या चढउताराचा परिणाम ५०० किलोमीटर उंचीवर सुमारे तेविसाव्या हिश्श्यावर येतो, ५०० किलोमीटर लांबीच्याचा पाचशेव्या हिश्श्याहूनही खाली, आणि २५० किलोमीटर लांबीच्याचा तर तीन लाखांतल्या एका भागापर्यंत. उलट जाताना हे सगळे त्याच पटीने परत फुगवावे लागते आणि त्याबरोबर उपकरणाची चूकही फुगते. म्हणून ग्रेसच्या कच्च्या नकाशांवर ध्रुवाकडून ध्रुवाकडे जाणारे उभे पट्टे उमटत. याने उत्तर-दक्षिण दिशेने धावत असल्याने पूर्व-पश्चिम दिशेची माहिती दुर्बळ असे, आणि दुर्बळ दिशेतल्या चुका पट्ट्यांच्या रूपाने दिसत. हे पट्टे घालवण्यासाठी नकाशा गुळगुळीत केला जातो, किंवा जमीन ठोकळ्यांत विभागून ठोकळ्यांवर पूर्वज्ञानाचे बंधन घातले जाते. दोन्ही उपायांत खरा संकेतही काही प्रमाणात शेजारी सांडतो आणि तो हिशेबाने परत गोळा करावा लागतो.

या मोहिमेतून भारताच्या पदरी पडलेले उत्तर सुखावह नव्हते. रॉडेल, वेलिकोन्या आणि फॅमिलिएटी यांनी २००९ साली दाखवले, की राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा या भागाने ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गमावले. टीएमसीत ते सुमारे ३,८५० होते, म्हणजे १०५ टीएमसीचे कोयना धरण जवळपास ३७ वेळा भरेल एवढे पाणी. वार्षिक दर त्यांनी १७.७ घन किलोमीटर, अधिक-उणे ४.५, असा दिला. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे व्ही. एम. तिवारी आणि सहकाऱ्यांनी गंगेच्या पट्ट्यासह कितीतरी विस्तृत प्रदेश घेऊन वर्षाला ५४ घन किलोमीटर, अधिक-उणे ९, हा आकडा काढला. आकड्यांतील फरकाचे मुख्य कारण निवडलेल्या प्रदेशाचा आकार हे आहे. ग्रेसला वस्तुमान कळते, पण ते किती खोलीवर आहे हे कळत नाही. प्रॅट आणि एअरी यांना अडवणारी भिंत तशीच उभी आहे. मातीतील ओलावा, बर्फ आणि जलाशय यांचा वाटा संगणकीय प्रतिमानांवरून वजा केल्यावर जे उरते त्याला भूजल म्हणतात, म्हणजे ‘भूजल’ हा शब्दच येथे गृहीतकासह येतो. उपसा ठाऊक असलेल्या प्रदेशात, विहिरींच्या नोंदींशी ताडून, तो शब्द टिकला.

महाराष्ट्राच्या बाबतीत हीच रीत तेवढी फळत नाही. दख्खनच्या बेसाल्टात पंजाबच्या गाळासारखे खोल आणि सलग साठे नाहीत. पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात राहते, पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यापर्यंत बरेचसे संपते, त्यामुळे उपग्रहाला येथे दीर्घकालीन घसरणीपेक्षा वर्षावर्षाची लाट अधिक ठळक दिसते. सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचे हे राज्य ग्रेसच्या दृष्टीने जेमतेम एक-दोन ठिपक्यांचे आहे, आणि नकाशावर जिल्हानिहाय रंग भरलेले असले तरी तालुक्याच्या पाणीपातळीविषयी त्या ठिपक्याला सांगण्यासारखे काही नसते. ती माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींत पट्टी सोडून मिळवलेल्या नोंदींतूनच येते, आणि ग्रेसच्या २०१८ साली गेलेल्या उत्तराधिकारी यानांच्या मोजमापांना बारकाई देण्यासाठी पूर्वज्ञान म्हणून अशाच विहिरींच्या नोंदी लागतात.